चार फूट

घर घेताना वकिलाने चार पानं वेगळी दिली होती.
दाराचा रंग : बाटलीचा हिरवा, काळा,
किंवा वाळलेल्या रक्तासारखा एक लाल. चौथा नाही.
खिडक्या लाकडाच्याच.
डिश मागच्या अंगाला, रस्त्याला दिसता कामा नये.
कुंपण प्रिव्हेटचं, उंची चार फूट.
सही करताना मला हसू आलं होतं.

ही सगळी आळी एका बिस्किटवाल्याने
आपल्या कामगारांसाठी बांधली, शंभर वर्षं होऊन गेली.
त्याला दारूचं वावडं, म्हणून अजून इथे पब नाही.
बागा मात्र ऐसपैस :
संध्याकाळी बटाटे खणणारा माणूस प्यायला जात नाही,
असा त्याचा हिशेब.
आता त्या कामगारांच्या नातवंडांना
इथलं गॅरेजसुद्धा परवडायचं नाही.
दंतवैद्य राहतात, दोन आर्किटेक्ट, मी.

आणि भिंतीपलीकडे मिस्टर थ्रॉसल.
भट्टीवर एकतीस वर्षं. जन्म वरच्या पुढच्या खोलीतला.

जोडघरात भिंत एकच असते.
त्यांचा खोकला माझ्या पुस्तकांमागून यायचा.
साडेनऊला जिना : तेरा पायऱ्या,
सातवीवर थांबून दम.
मी मोजते हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.
तेही माझं काहीतरी मोजत असणार.

दोन्ही घरांना मिळून धुराडं एक, आठ तोंडांचं.
माझ्या भाषेत चिमणी म्हणजे पाखरूही,
हे ऐकल्यावर ते मान वर करून बराच वेळ उभे होते.
"पण आत तर कावळे राहतात," म्हणाले, "लहान जातीचे."
मी इतकी हसले की त्यांना वाटलं, काही चुकलं.
शेणाचं घर वाहून गेलेला तो
भिजत भिजत कुठवर आला होता,
हे इंग्रजीत सांगायला मला नीट जमलं नाही.

कुंपण दोघांत मिळून.
एका बारीक खोडाला निळा दोरा, ती हद्द.
दर दुसऱ्या शनिवारी वडिलांची कात्री
आणि खाच पाडलेली काठी घेऊन ते येत,
दोऱ्याशी थांबत.
पुढचं एक पानही नाही.
"तुमचं आहे," म्हणत, जणू मी ते हरवलं होतं.

फेब्रुवारीत एका रात्री
मी सहापर्यंत मोजलं.
मग सातवी आलीच नाही.

स्टॉकपोर्टहून भाची आली, मॉरीन.
त्यांना होममध्ये नेलं, घराला कुलूप.
आणि जूनच्या शेवटी
दोऱ्याच्या पलीकडचं कुंपण फुललं.
पांढरे, बारीक तुरे, उग्र गोड वास,
मधमाश्यांचा इतका आवाज
की मला आधी विजेच्या खांबाची शंका आली.
मला माहीतच नव्हतं, याला फूल असतं.
पंधरा दिवसांच्या कात्रीने कुणाला कळू दिलं नव्हतं.

कमिटीचं पत्र आलं, चुकून माझ्या दारात :
पाच फूट दोन इंच. तीन आठवड्यांत.
खाली सही, आणि आपुलकीचं एक वाक्य.

मी हद्द ओलांडली, पहिल्यांदाच.
एक फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळून
दोन बस बदलून गेले.
त्यांनी वास घेतला. "कशाचं हे?"
"तुमच्या कुंपणाचं."
ते खूप वेळ काही बोलले नाहीत.
"वडील येऊ द्यायचे नाहीत," म्हणाले,
मग बसल्या जागी तळहात आडवा धरून
उंची दाखवली मला,
अगदी बरोबर, चार फूट.

पत्राला उत्तर मी अजून लिहिलेलं नाही.
आज गुरुवार, कचऱ्याची गाडी येते.
माझ्या डब्याशेजारी त्यांचा डबा नेऊन ठेवते,
रिकामाच,
मूठ रस्त्याकडे करून, त्यांना लागायची तशी.